वाऱ्याची फिटंफाट

विमानतळ म्हणायचं एवढंच. एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि इंधनाची टाकी. त्या टाकीवर मावशी एकवीस वर्षं होत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आठवीतच शाळा सुटलेली, पण नजर घारीची. बेटावर औषधं पोचवणारं छोटं विमान परतलं, की त्या त्याच्या टाकीत काठी बुडवून उरलेलं इंधन बघायच्या. वाऱ्याच्या दिवशी काठी कमी भिजायची. वारा इकडचा असो की तिकडचा, कमीच.

"जाताना अडवतो, येताना ढकलतो. फिटंफाट," असं वैमानिक म्हणायचे.

मावशींना काही ते पटेना. एका रविवारी त्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसल्या. बेट एकशेवीस किलोमीटर, विमानाचा वेग ताशी एकशेवीस. वारा पडलेला असेल तर जाऊन-येऊन दोन तास. चाळीसचा वारा समोर आला तर हाती राहतात ऐंशी, म्हणजे दीड तास. येताना एकशेसाठ, पाऊण तास. एकूण सव्वादोन.

शिलाई मशीनवरून नवरा म्हणाला, "अगं, पण वारा तर दोन्हीकडे सारखाच."

"वारा सारखा, वेळ नाही. दीड तास अडवतो आणि पाऊणच तास ढकलतो."

पुढच्याच महिन्यात नवा वैमानिक आला. त्या दिवशी वारा बरोबर चाळीसचा, बेटाकडून येणारा. वजन वाचवून खोकी जास्त नेता यावीत म्हणून त्याने सव्वादोन तासांचंच इंधन मागितलं: जाऊन-येऊन दोन तास आणि वर पाव तास हाताशी, असा त्याचा हिशोब.

"अर्ध्या तासाचं आणखी घ्या, साहेब."

"मावशी, विमान मी चालवतो."

"खरंय. पण इंधनाच्या कागदावर सही माझी लागते. ती मी करणार नाही."

दोन खोकी उतरवावी लागली. तो तोंड फुगवून गेला. मावशींना दुपारचा डबा गोड लागला नाही. आपल्या हट्टापायी तिकडे कुणाचं तरी औषध राहिलं, हे मनातून जाईना.

तो परतला आणि काठी त्याने स्वतःच बुडवली. जेमतेम अर्ध्या तासाचं इंधन उरलं होतं.

"म्हणजे तुमचं ऐकलं नसतं तर..."

"पाणी प्या आधी," मावशी म्हणाल्या.

पाणी पिऊन त्याने खिशातली पेन्सिल पुढे केली. "मला नीट समजावून सांगाल?"

राहिलेली खोकी सकाळी गेली. महिनाभरात मावशींचं गणित तक्ता होऊन शेडमध्ये लागलं, एकेका वाऱ्याला किती इंधन ते. खाली नाव कुणाचं घालू, असं त्याच वैमानिकाने विचारलं.

"नाव राहू द्या. अक्षर मोठं काढा, म्हणजे लांबून वाचता येईल."