फेट्यासकट उंची

म्हाताऱ्या मेंढपाळ आबांचा बीएमआय बावीस पॉइंट सात आला आणि मॅडमनी त्यांच्या कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं. मी समोरच बसले होते. आकडा चुकलाय हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

बीएमआय म्हणजे काही अवघड नाही. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. उंचीच्या मानानं वजन किती, ते कळतं. आपल्या लोकांत तेवीसच्या पुढं गेलं की सावध व्हायचं. दोनदा भागायचं असल्यामुळं उंची जास्त मोजली गेली की आकडा चांगलाच घसरतो. आबांचं अडुसष्ट किलो वजन बरोबर होतं. उंची मात्र मॅडमनी फेट्यासकट घेतली होती.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात मी बावीस वर्षं आरोग्यसेविका आहे. मॅडम म्हणजे नवीन आलेल्या सीएचओ, उपकेंद्राच्या अधिकारी. वय सत्तावीस. मला त्यांचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. ज्या बायकांची बाळंतपणं मी केली, त्याच मला विचारायच्या, मॅडम कवा येणार? टॅबवर मॅडमची बोटं भराभरा चालायची. माझ्या रजिस्टरातली खाडाखोड दिसली तर हसायच्याही नाहीत, गुपचूप दुरुस्त करायच्या. तेच जास्त झोंबायचं.

म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत फेटा काढा म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. मॅडम शहरातल्या असल्या तरी एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या बिचकल्या आणि राहू द्या म्हणाल्या. माझ्याकडं त्यावर उपाय होता. माझ्या ड्रॉवरमध्ये एक धुतलेला पांढरा टॉवेल असतो. पडदा ओढायचा, टेबलावर टॉवेल अंथरायचा, फेटा त्यावर ठेवा म्हणायचं आणि तोवर आपण पाठ फिरवून उभं राहायचं. बावीस वर्षांत एकानंही नाही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी टॉवेल ड्रॉवरमध्येच राहिला. गुरुवारी तालुक्याचे साहेब तपासणीला येणार होते. मागच्या वर्षी मी आबांची उंची एकशे पासष्ट लिहिली होती, आता एकशे त्र्याहत्तर. सत्तरीतला माणूस वाढतो कुठं? साहेबांनी रजिस्टर उघडलं की मॅडमची हुशारी आपोआप उघडी पडणार होती. मी मनातल्या मनात गुरुवारची साडीसुद्धा ठरवून टाकली.

शुगर तपासायच्या पट्ट्या थोड्या उरल्या होत्या. म्हणून आधी तेवीसच्या पुढचे लोक तपासायचे असं ठरलं होतं. नॉर्मल आबा शुगर न तपासताच खूश होऊन निघाले. त्यांच्या मागोमाग मी पाणी प्यायला बाहेर आले तर पायरीपाशी त्यांची एक चप्पल पडलेली. आबा एका चपलेवर आवारातल्या कडुलिंबापर्यंत पोचले होते. मी हाक मारली.

आबांनी खाली पायाकडं बघितलं. “पायात हाय का न्हाई तेच कळंना झालंय, बाई. चालायचंच. उद्या मेंढरं घिऊन तेलगावकडं निघायचंय. आता चार महिने गाठ न्हाई.”

पायाची जाणीव जाणं ही जुन्या शुगरची खूण असू शकते. अशा पायाला जखम झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. असा कापलेला एक पाय मी जवळून पाहिलेला आहे. आबा उद्या निघाले असते तर चार महिने रानात, आणि खिशात आमचं नॉर्मल कार्ड.

“आबा, आत चला परत.”

“कावून?”

“उंची चुकलीय.”

आत येऊन मी ड्रॉवर उघडला आणि टॉवेल टेबलावर अंथरला. मॅडम टॉवेलकडं बघत राहिल्या.

“सिस्टर, मघाशी तुम्ही इथंच होतात ना?”

“होते. तुमची चूक साहेबांनी धरावी म्हणून गप्प बसले.”

मॅडमचे कान लाल झाले. त्या उठल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

उंची एकशे पासष्ट भरली. बीएमआय जवळजवळ पंचवीस. मॅडमनी टेप घेऊन कंबरही मोजली. पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी, सैल सदऱ्याखाली आबांची शहाण्णव निघाली. हातपाय काटकुळे, सगळं वजन पोटावर. नुसता बीएमआय हे सांगत नाही. शुगर तीनशे बारा. पाय तपासताना टाचेत बाभळीचा काटा सापडला, बराच आत गेलेला. मी तो चिमट्यानं ओढून काढला तेव्हा आबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

मेंढरं घेऊन मुलगा गेला. आबा कुरकुरत पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. पाय वाचला.

गुरुवारी मी ती साडी नेसले नाही. साहेबांना टॉवेल दिसला, तो कशाला ते त्यांनी विचारलं. कल्पना आवडली, फोटो काढून त्यांनी तालुक्याच्या ग्रुपवर टाकला आणि मॅडमची पाठ थोपटली. मॅडम म्हणाल्या, “सर, टॉवेल सिस्टरचा आहे. चूकही सिस्टरनीच पकडली.” गप्प बसल्याचा विषय त्यांनी काढला नाही, नंतरही कधी काढला नाही. माझ्यानं असं झालं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.

शिकायला येणाऱ्या मुलींना मी आता एवढंच सांगते. उंची घेताना समोरच्याच्या डोक्यावर काही नको, आणि आपल्या डोक्यातही.