डॉक्सिसायक्लिन आणि आमच्या मालतीबाई

डॉ. मालती ढगे यांना मी पहिल्यांदा भेटले ती हिंगणीच्या त्यांच्या दवाखान्यात. मी नुकतीच एमबीबीएस झाले होते आणि त्यांना हाताखाली एक डॉक्टर हवी होती. वर्ध्याहून एसटीने आले आणि बॅग हातात घेऊनच आत शिरले, तेव्हा बाई एका म्हाताऱ्या आजींना तपासत होत्या. मी नमस्कार करून नाव सांगू लागले. माझ्याकडे न बघताच बाई म्हणाल्या, "नाव मग सांग. आधी तो पडदा नीट ओढ, बाहेरून दिसतंय."

मी पडदा ओढला. बाईंनी आजींची पाठ पाहिली, काखा पाहिल्या, कंबर, कानामागची जागा, केसांची मुळे, सगळे सावकाश पाहिले. मध्येच लेकीची चौकशी, गुडघ्यांची चौकशी. सापडले काहीच नाही. आजींना साधा सर्दीताप होता. तापाची गोळी देऊन बाईंनी त्यांना घरी धाडले, हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं, आता सांग नाव."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिबिरांविषयी, व्याख्यानांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली काही वर्षे काढली. त्या दिवसांतली एक हकिगत इथे सांगते. तिच्यात मला बाई पुरत्या दिसतात.

हिंगणीचे निम्मे शिवार बोरच्या जंगलाला लागून. पाऊस सरत आला की बायाबापड्या गवत कापायला रानाच्या काठाने जातात. त्या गवतात डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक किडा असतो. तो चावलेला कळतही नाही, पण त्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. चावलेल्या जागी एक काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुधा कपड्याखाली लपलेल्या जागी असते. म्हणून ती रोग्याला माहीत नसते आणि घाईतल्या डॉक्टरला दिसत नाही.

वसंतराव ठोंबरे आपल्या पत्नीला, सिंधूबाईंना, बाईंकडे घेऊन आले ते अशाच दिवसांत. वसंतरावांची गावालगत शेती होती, सिंधूबाई स्वतः शेतात राबणाऱ्या. आठवडाभर ताप हटत नव्हता. दुसरीकडे भारी इंजेक्शने देऊन झाली होती. डोळे लाल, श्वास लागलेला, बोलणे अर्धवट. वसंतरावांनी नागपूरला न्यायला गाडी आणून उभीच केली होती. वाटेत बाईंचा दवाखाना लागतो म्हणून ते थांबले होते, इतकेच.

त्यांनी दारातूनच विचारले, "मॅडम, हिले थेट नागपूरले नेऊ का?"

बाई म्हणाल्या, "न्यायचंच आहे. पण आधी मले पाहू द्या."

गाडीवाला घाई करत होता. नातलग कुरकुरत होते. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढले, पडदा ओढला आणि सिंधूबाईंचे लुगडे सैल केले. डाव्या स्तनाखालच्या घडीत खपली होती. काळी, शेंगदाण्याच्या फोलाएवढी. बाईंनी मला ती दाखवली. मग कपाटातून डॉक्सिसायक्लिनची गोळी काढली.

हे औषध जुने, साधे. अनेक जातींच्या जंतूंवर चालणारे म्हणून वैद्यकात त्याला व्यापक पल्ल्याचे प्रतिजैविक म्हणतात. छातीच्या संसर्गापासून पटकीपर्यंत किती ठिकाणी ते उपयोगी पडते. स्क्रब टायफसचा जंतू पेशींच्या आत दडून बसतो. नेहमीची भारी इंजेक्शने तिथे त्याला काही करत नाहीत. ही गोळी मात्र आत पोचते. वेळेवर दिली तर माणूस उठून बसतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, एकेक करून हातची जातात.

सिंधूबाईंना गिळता येते का, हे बाईंनी आधी चमचाभर पाणी पाजून पाहिले. मग मानेखाली हात घालून त्यांना बसते केले, गोळी दिली, वर घोटघोट पाणी पाजले आणि आडवे होऊ दिले नाही. ही गोळी कोरड्या घशाने घेतली तर अन्ननलिकेला चटका बसतो. ते झाल्यावर वर्ध्याच्या इस्पितळात फोन केला, नागपूर लांब पडेल असे वसंतरावांना सांगितले आणि पायांत चपला सरकवून स्वतःच गाडीत चढल्या. मीही मागे बसले. वाटेतले सेलू मागे पडेपर्यंत बाई सिंधूबाईंची नाडी धरून होत्या.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी साहजिकच रक्ताचा रिपोर्ट विचारला. रिपोर्ट यायला वेळ होता. बाईंनी त्यांना खपली दाखवली आणि म्हणाल्या, "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोवर एवढी गोळी चुकवू नका." त्यांनीही ऐकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिंधूबाईंचा ताप उतरला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हशीचा. बाई व्हरांड्यात जाऊन बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्याचे कारण त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितले. डॉक्टरकीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक नवी नवरी तापाने फणफणलेली आली होती. सासू शेजारी उभी, मुलगी लाजून पदर सोडायला तयार नाही. बाईंनी आग्रह धरला नाही, वरवर तपासून औषध दिले. ती मुलगी गेली. शेवटची आंघोळ घालताना बायकांना तिच्या कमरेवर काळा डाग दिसला, हे बाईंच्या कानावर नंतर आले. "मी तिला पूर्ण पाहिलंच नाही, संध्या," त्या म्हणाल्या.

सिंधूबाई घरी आल्या आणि त्या गोळीचे गावभर नाव झाले. साध्या खोकल्यालाही लोक "थेच गोयी द्या" म्हणू लागले. बाई नाही म्हणत. या गोळीवर बाईंइतका विश्वास असलेला डॉक्टर मी पाहिला नाही आणि ती देताना इतका हात आखडणाराही पाहिला नाही. नकारामुळे काही जण दुसऱ्या दवाखान्यात गेले. बाईंनी ते मनाला लावून घेतले नाही.

पण पुढच्या पावसाळ्यात एक मुलगी दवाखान्यात आली. बाळंतपणासाठी माहेरी आलेली, अंगात ताप. तिच्या आईने सहज सांगितले की शेजारच्या वसंतरावांनी गोळी दिली आहे. कोणती, ते ऐकून बाई खुर्चीतून उठल्याच. गरोदर बाईला हे औषध सहसा देत नाहीत, पोटातल्या बाळाच्या हाडादातांना धोका असतो. मुलीला तपासून, धीर देऊन, योग्य औषध सुरू करून बाई तडक ठोंबऱ्यांच्या घरी गेल्या. वसंतरावांनी वर्ध्याहून गोळ्यांची पाकिटे आणून फडताळात ठेवली होती आणि आळीत कोणालाही ताप आला की ते देत होते. निव्वळ कृतज्ञतेपोटी.

बाईंनी पाकिटे मागितली. वसंतराव दुखावले. अंगणात शेजारी जमले होते.

"मॅडम, याच गोयीनं माही बायको वाचली. मंग दुसऱ्याले काऊन नाई द्याची?"

"वाचली, खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण तिले कोणता ताप होता हे आपल्याले समजलं, म्हणून वाचली भाऊ. न पाहता देली तर हेच औषध नुकसान करते. आन् जंतूंना याची सवय लागली ना, तर उद्या कोणाची तरी सिंधू येईल अन् माह्या हाती काहीच राहणार नाई."

वसंतरावांनी पाकिटे आणून दिली, पण मान वर केली नाही. नंतर कित्येक महिने ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत. बाई समोरून आल्या तर रस्ता बदलत. बाईंना ते फार लागले. चारचौघांत बोलायला नको होते, असे त्या मला एकदा म्हणाल्याही. त्या गरोदर मुलीची सोनोग्राफी व्यवस्थित निघाली, मुलगा धडधाकट झाला. बारशाला बाई गेल्या, तिथेही वसंतराव दूरच उभे होते.

मग पुन्हा गवताचे दिवस आले. एका सकाळी मोटारसायकलवर वसंतराव आले. मागे त्यांच्या शेतावरचा माणूस, थंडीने कुडकुडणारा. त्याला धरून आत आणत ते बाईंना म्हणाले, "याले गोयी नाई देली, मॅडम. आदी तुमच्याकडे आनलं."

बाईंनी स्वतःची खुर्ची ओढून वसंतरावांना दिली. त्या माणसाला निघाला मलेरिया. त्याची औषधे वेगळी, ती वेळेवर सुरू झाली. त्यानंतर आळीतल्या तापकऱ्याला दवाखान्यात आणण्याचे काम वसंतरावांनी जणू आपल्याकडेच घेतले.

माझ्यावरही बाईंचा लोभ होता, पण लोभापायी त्यांनी मला अडकवून ठेवले नाही. पुढे शिकायचे की नाही यावर मी चालढकल करत होते. एक दिवस त्यांनी माझी बॅग भरायला घेतली. त्या मागे एकट्या पडणार होत्या. पावसाळ्यात रांग रस्त्यापर्यंत जाई. तरी म्हणाल्या, "इथलं मी पाहते. तू जा." त्या वर्षी माझ्या वडिलांचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखाना बंद ठेवून त्या माझ्या आईसोबत बसून होत्या. डॉक्टर म्हणून नाही, घरच्या म्हणून. आईला रोज घरून मुगाची खिचडी आणत.

आता हिंगणीचा दवाखाना त्यांच्या एका विद्यार्थ्याकडे आहे. बाई नालवाडीत धाकट्या बहिणीकडे राहतात. गुडघे कुरकुरतात, कानाला यंत्र आले आहे. मी मात्र अजूनही गवताच्या दिवसांत हिंगणीची आठवण काढते. ते बाकडे, सुकत घातलेले टॉवेल, चहाबरोबर बाईंनी पुढे केलेला चिवड्याचा डबा, आणि दोघींनी मिळून खिडकीतून पाहिलेला बोरच्या जंगलाकडचा निळसर डोंगर.

परवा या लेखाची परवानगी घ्यायला नालवाडीला गेले, तर बाई अंगणात उकिडव्या बसून संत्र्याचे कलम लावत होत्या. आर्वीहून मुद्दाम मागवलेले. बहीण मला ऐकू जाईल असे म्हणाली, "अगं, फळ धरायला पाच वर्षं लागतात याला." बाईंनी मातीचा हात झटकला आणि म्हणाल्या, "मग लागू दे की. मी कुठं चालले?"

बाई, कुठेही जाऊ नका. आम्ही सगळे त्या झाडाखाली संत्री खायला येणार आहोत, पहिल्या बहाराला आणि त्यानंतरच्या पुष्कळ बहारांना. सोलून मात्र तुम्हीच द्यायची.