बंद पडलेले धंदे

पुस्तकामागचे शब्दार्थ पाठ करून कुणाची भाषा सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून राणीसावरगावकडच्या माझ्या शाळेत मी पाचवीला 'बंद पडलेले धंदे' असा उपक्रम काढला. दर शनिवारी एक धंदा, त्यातले पाच शब्द आणि त्यावर दहा ओळी. हेडसर म्हणाले, "बाई, लेकरं काय दुकान टाकनार हायेत का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लेकरांनी धमाल उडवली. पिंजारी म्हणजे पिंजरे विकणारा, असं अर्ध्या वर्गाने लिहिलं. कापूस पिंजून गाद्या भरणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातात एकाने चक्क हातोडी दिली. रागवायला तोंड उघडलं आणि मलाच हसू फुटलं.

वर्गात एक मुलगी होती. आईवडील दरसाल ऊसतोडीला जाताना तिलाही न्यायचे. निम्मं वर्ष शाळा बुडायची, म्हणून ती दोन ओळींपुढे कधी जात नसे. यंदा तिला इथेच ठेवा म्हणून मी तिच्या आईच्या मागे हात धुऊन लागले होते. "मंग तान्ह्याला कोन सांभाळंल, बाई?" एवढंच ती म्हणायची.

दसऱ्याआधीच्या शनिवारी मी म्हटलं, आज धंदा तुमच्या मनाचा. त्या मुलीने दोन पानं भरली. 'आमी ऊस तोडायचो. पाचटाच्या कोपीत राहायचो. मी मोळ्या बांधायचे, बाळाला झोका द्यायचे. पहाटं लय थंडी वाजायची.' पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कोपी म्हणजे त्याची झोपडी, मोळी म्हणजे उसाचा भारा; यातला एकही शब्द मी शिकवलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण मास्तरकी जाते कुठे? लाल पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा ओढल्या आणि तिला बोलावलं.

"अगं, हा धंदा बंद कुठं पडलाय? भूतकाळ चुकला तुझा."

"ठाव हाय, बाई," ती म्हणाली. "म्हून तर मीच बंद पाडला."

संध्याकाळी वही घेऊन तिच्या घरी गेले. आईला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं.

"थंडी वाजती म्हनून कवा बोलली न्हाई मला," आई म्हणाली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला मावशीपाशी. बाळाचं बघते मी."

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ट्रक गेला. सोमवारी हजेरी घेताना तिने सगळ्यात मोठ्याने 'हजर' म्हटलं. मधल्या सुट्टीत मी तिची वही मागून घेतली आणि लाल रेघा एकेक करून पुसल्या. तिचा भूतकाळ बरोबर होता.