वैनींचं नाक

कापड समोर आलं की लोक ते चाचपतात, उजेडात धरतात, भाव विचारतात. आमच्या बुटीकवाल्या वैनी ते आधी नाकाला लावायच्या. मग एक तर मान हलायची, नाहीतर "शी!" व्हायची. ही "शी" अशी पोटातून यायची की समोरच्या बाईला वाटावं, आपल्या हातात कापड नसून मेलेली घूस आहे. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन पायऱ्यांच्या दुकानात मी पंधरा-सोळा वर्षं जात होते. कापडाच्या पसंतीत मी कायम काठावर पास.

गंमत म्हणजे माणसांच्या बाबतीत या बाईला कसली म्हणजे कसली किळस नव्हती. दाराशी कोणी दिसलं की "या की पावणं!" म्हणून हाक. आधी भडंगाची वाटी, मग चहा, मग "आता त्या बेसिनवर हात धुवा, कापडाला तेल लागंल," आणि मग धंद्याची गोष्ट. मी तर कैक वेळा फक्त भडंगासाठी गेले आणि लाजेखातर एखादा ब्लाऊज शिवायला टाकून आले.

एकदा डेअरीला दूध घालून एक बाई थेट दुकानाशी आली. लेकीसाठी ड्रेस शिवायचा होता, पण पायरीखालीच उभी. "वैनी, मी हितनंच सांगतो. अंगाला शेणाचा वास येतोय." वैनींनी तिला हाताला धरून आत ओढलं. "या गप आत! माणसाचा वास कामाचा असतोय. कापडाचा आळसाचा." मी शेजारी खुर्चीत बसून मान डोलावली. शाळेत मी पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवते. चांगलं वाक्य दिसलं की मान डोलावणं हा माझा धंदाच आहे.

दुसरी गोष्ट अशी की वैनी खोटं बोलायच्या नाहीत. एका बड्या घरची सून लग्नासाठी चकचकीत कापड घेऊन आली. वैनींनी वास घेतला. "शी! घासलेटात बुडवून काढल्यागत हाय. मी न्हाय शिवणार. ह्यात तुमी चॉकलेटच्या कागदागत दिसशीला." सून तरातरा निघून गेली. "अहो वैनी, गिऱ्हाईक गेलं की," मी म्हणाले. "जाऊ दे. चहा पिऊन गेली न्हवं?" आख्ख्या पेठेला माहीत होतं, वैनी म्हणाल्या शोभतंय, तर शोभतंयच.

माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्यांनी मला एक ड्रेस शिवला. निळा, सुती, इरकली काठाचा. आत दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं माया सोडलेली. "एवढं जास्तीचं कापड कशाला?" मी विचारलं. "बाई, माणूस काय नुसतं उंचीलाच वाढतंय व्हय? घट्ट झाला की आणा, उसवून देतो." त्यांच्या कपड्यांना नावाची पट्टी नसायची, गळ्याच्या आत पिवळ्या दोऱ्याचे तीन टाके असायचे, तेवढीच खूण. तो ड्रेस घातला की मी मलासुद्धा आवडायचे. हे माझ्या बाबतीत वर्षातून फार वेळा होत नाही.

पुढे ड्रेस घट्ट झाला. वैनींकडे न्यायला लाज वाटली, कारण नेला असता तर त्या खरं बोलल्या असत्या. तरी एका जत्रेच्या जेवणाला मी श्वास आत ओढून तो घातला आणि छातीवर तांबडा रस्सा सांडून घेतला. घरी येऊन, उद्या धुऊ म्हणून, पिशवीत कोंबून कपाटावर टाकला. तो "उद्या" काही आला नाही.

मग महापूर आला. वैनींचं माहेर कुरुंदवाडचं. भावजय शाळेच्या वर्गात, अंगावरच्या एका साडीनिशी. पाणी उतरल्यावर वैनींनी दुकानच मदतीच्या कपड्यांसाठी मोकळं केलं. मी कपाटावरच्या सगळ्या पिशव्या न उघडता एका चादरीत बांधल्या, गाठोड्याचा फोटो काढला, हात जोडल्याची खूण टाकून स्टेटसला ठेवला आणि गाठोडं दुकानात नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच बायका पेठेतनं जमलेले कपडे निवडायला बसलो. काय काय निघालं त्यातून! नाडी गेलेले परकर. काखेत पिवळे पडलेले ब्लाऊज. वरणभात वाळून चिकटलेलं झबलं. वापरलेला रुमाल खिशात तसाच असलेला कुर्ता. एकाच पायाचा उंच टाचेचा सँडल. कोणीतरी अंतर्वस्त्रंही दिली होती, न धुता. कुबट, आंबट वासानं दुकान भरलं. वैनी एकेक कपडा नाकाला लावत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत चालला होता. "काल माहेराला जाऊन आलो मी," त्या म्हणाल्या. "घरात गुडघाभर चिखल. त्याची शी आली न्हाय. धुतला की चिखल जातोय. पण भावजय म्हणाली, वन्सं, घर गेलं त्ये गेलं, आता लोकांच्या घाणीत अंग घालू काय?"

आम्ही सगळ्या चुकचुकलो. तेवढ्यात वैनींच्या हातात एक उलटा झालेला, चुरगळलेला बोळा आला. त्याचा वास माझ्यापर्यंत पोचला. "शी!" मी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर ओरडले. "काय लोक असतात हो! लाज कशी वाटत नाही?"

वैनींनी बोळा सुलटा केला. निळा. इरकली काठ. छातीवर डागाचा तपकिरी नकाशा. त्यांनी गळा उलटून पिवळ्या टाक्यांवर बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

"ह्यो मी धुतो," त्या म्हणाल्या आणि ड्रेस आपल्या पिशवीत ठेवला. बाकीचे निम्मे कपडे कचऱ्याच्या गाडीत गेले. मग वैनी उठल्या आणि स्वतःचे, दसरा-दिवाळीसाठी शिवून टांगलेले कपडे एकामागून एक हँगरवरून उतरवायला लागल्या. नंतर नेहमीसारखं भडंग आलं. मी माझी वाटी शेजारणीपुढं सरकवली. घरी जाऊन ते स्टेटस पुसलं. त्याला तोवर शाळेतल्या सगळ्या बाईंचे नमस्कार आले होते.

वैनी त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. मी पुढंही जात राहिले. "या की बाई," तसंच. चहा तसाच. फक्त मी नेलेलं कापड त्यांनी परत कधी नाकाला लावलं नाही. हातात घ्यायच्या, घडी करायच्या, "शिवतो" म्हणायच्या. मी मुद्दाम एकदा भिकार नायलॉन नेलं. म्हटलं, आता तरी म्हणतील. "शिवतो," त्या म्हणाल्या. त्या दिवशी रिक्षात मला रडू आलं. एवढ्या मोठ्या बाईनं "शी" ऐकायला मिळाली नाही म्हणून रडावं, हे रिक्षावाल्याला कसं सांगणार?

गेल्या वर्षी वैनी गेल्या. रक्षाविसर्जनाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. माझ्याशेजारी एक अनोळखी बाई येऊन टेकली. अंगात निळा ड्रेस, इरकली काठ. दोन्ही बाजूंना जुन्या शिवणीची बारीक भोकं रांगेनं दिसत होती. छातीवर डाग कुठं होता, ते मलाही सापडेना.

माझी नजर बघून ती म्हणाली, "वैनींच्या हातचा हाय. मी कुरुंदवाडची, अंगणवाडीत असतो. पुराच्या वक्ताला दिलता. आदी मी घेतच न्हवतो. दुसऱ्याचं अंगावरचं नको म्हणलं. तर वैनी म्हणाल्या, घे गं, चांगल्या घरची बाई हाय. सोत्ता धुऊन, इस्त्री करून, बाजू उसवून दिलाय तिनं."

"असं म्हणाल्या?"

"व्हय की. तुमी वळखता काय त्या बाईला?"

मी तोंडावर पदर धरला. घाईत काढलेल्या साडीला कपाटातला कुबट वास येत होता.

"ओळखते," मी म्हणाले. "तिनं धुतला नव्हता हो तो. रश्श्याचा डाग होता. वास मारत होता."

बाईनं ड्रेसची बाही नाकाला लावली, माझ्याकडं निरखून बघितलं आणि मान हलवली.

"काय तरीच," ती म्हणाली. "वैनी कवा खोटं बोलल्यात काय?"