बाबांच्या नावाची चौकट

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी खंडव्याहून बुऱ्हाणपूरला आले तेव्हा घरात दोघं आजारी होते, बाबा आणि कॉम्प्युटर. बाबांचं ठरल्याप्रमाणे पार पडलं. कॉम्प्युटरचं प्रकरण जास्त अवघड निघालं. बाबा दवाखान्यात होते त्याच दिवशी दुरुस्तीवाल्यानं जुनी सिस्टिम काढून नवी टाकली, "सब नया कर दिया, दीदी" म्हणत हसत हसत निघून गेला, आणि मग लक्षात आलं की बाबांचा मेलचा जुना प्रोग्राम नव्या सिस्टिममध्ये नाहीच.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मेल काय, कशातही वाचता येते. पण बाबांचं मेलवाचून अडलेलं नव्हतं, अडलं होतं ते ग्रुपवाचून. हा ग्रुप म्हणजे आताच्या फोनवरच्यासारखा नव्हे. जगभरातले अनोळखी लोक एकाच विषयावर लिहायचे, एकाचं लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं, आणि ते वाचायची सोय त्या जुन्या प्रोग्राममध्ये मेलच्या शेजारीच होती. बाबांचा ग्रुप दूरदूरची रेडिओ स्टेशनं पकडणाऱ्यांचा. कुठलं स्टेशन, किती वाजता, किती स्पष्ट, एवढंच तिथं लिहायचं. याला छंद म्हणतात हे मला बरीच वर्षं पटलं नव्हतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा त्या ग्रुपवर न चुकता लिहीत होते. उत्तर क्वचितच यायचं. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू, आणि ती नुसती कानात नाही, रेडिओतही शिरते. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबतात. अख्खं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असायचं, आणि आमचे बाबा सेलवरचा रेडिओ घेऊन गच्चीवर पळायचे. आकाश साफ झालं म्हणायचे. मग ते ग्रुपवर लिहायचे, माग थांबले, अमुक स्टेशन स्वच्छ आलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, कॉम्प्युटर अडखळत का होईना चालत होता तेव्हा, त्यांनी तिथं लिहिलं, "उद्या ऑपरेशन. नंतर लिहितो." कसलं ऑपरेशन, ते नाही. जन्मभर तारा आणि टेलिफोनमध्ये काढलेला माणूस, शब्द वाचवायची सवय. घरी आल्यावर डोळ्याला हिरवी पट्टी लावून ते पलंगावर पडले आणि पहिलं काय विचारलं, तर ग्रुप दिसतो का.

"पंधरा दिवस नाही लिहिलं तर काय बिघडतं, बाबा?" मी म्हटलं.

"बिघडत काहीच नाही," ते म्हणाले. "मी नाही लिहिलं तर कोणाच्या ध्यानात तरी येईल का, तेच समजत नाही."

हे ते इतक्या सहज बोलले की मला वाईट वाटलं. मग मी प्रोग्राम शोधायला बसले.

नव्या सिस्टिमबरोबर आलेला प्रोग्राम दिसायला देखणा, पण मेलपुरताच. ग्रुप त्याला ठाऊकच नव्हते. दुसरा उपाय असा की मेल इंटरनेटवर उघडायची आणि ग्रुपसाठी वेगळा छोटा प्रोग्राम घ्यायचा. बाबांनी पडल्यापडल्याच तो नामंजूर केला, "एका घरात दोन चुली कशाला?" तिसरा फुकट मिळत होता आणि दोन्ही कामं करत होता. तो उतरवताना मध्येच लाइट गेली. मी चरफडत बसले, आणि पट्टी लावलेले बाबा रेडिओ उशाशी घेऊन खूश. लाइट आल्यावर पुन्हा उतरवला. आईनं चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्षरं मुंग्यांसारखी आहेत. मला दिसणार कशी?"

आईचं मत महत्त्वाचं होतं, कारण माझी रजा संपत आली होती आणि पुढं बाबा सांगणार ते आईच टाइप करणार होती. तिसऱ्या प्रोग्राममध्ये अक्षरं मोठी करायची सोय सापडली. तेवढ्यावर निवड झाली. बाकीचे गुण मी बाबांना वाचून दाखवत होते, ते कोणीच ऐकले नाहीत.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई बीएस्सी, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली. ग्रहण लागलेलं असताना मुलींना मैदानात नेऊन डबे खायला लावणारी. पण नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात बायकांनी आग्रह केला तर उखाण्यात, तेवढंच. एका वर्षी एका मुलीच्या वडिलांचं नाव बाबांचंच होतं, तर हजेरीला आई तिचा फक्त नंबर घ्यायची. मी माझ्या नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, तेव्हा ती दुसरीकडे बघते.

मी मेडिकलमधून डोळ्यांचे थेंब आणायला गेले तेवढ्या वेळात प्रोग्रामनं आईला नाव विचारलं. चौकट रिकामी ठेवली तर पुढं सरकेना. आईनं विचार केला, समोर मी बसले आहे, विचारतोय मला, तर माझंच द्यावं. पण तिचं पूर्ण नाव लिहायचं तर मधे बाबांचं नाव येतं. तेही तिनं गाळलं. आपलं नाव आणि आडनाव भरून मोकळी झाली. बाबांनी रात्री ऐकलेली स्टेशनं सांगितली, आईनं जशीच्या तशी टाइप करून ग्रुपवर पाठवली. बाबा खाली कधी सही करत नसत, नाव प्रोग्रामच लावायचा. यावेळीही त्यानंच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वाचायला बसली आणि ओरडली, "अगं, किती मेसेज येऊन राहिले बघ!"

बाबा उठून बसले. "वाच."

आईनं पहिला मेसेज उघडला, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. तिचा चेहरा उतरला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ऑपरेशन आहे म्हणून गेलेला माणूस, आणि त्यानंतर त्याच पत्त्यावरून, त्याच आडनावाच्या बाईनं पाठवलेली त्याची यादी. तिकडच्या लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. सगळे आईचं सांत्वन करत होते.

"काय आहे?" बाबा म्हणाले.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी इंग्रजीतून मराठी करत वाचायला लागले. एकजण समुद्राकाठच्या कुठल्या थंड गावचा. त्यानं लिहिलं होतं, तुमचे पती लिहायचे की माग थांबले, तेव्हा मी माझा रेडिओ लावायचो, तिथं ऐकू आलं ते इथं येतं का बघायला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, मी कधी उत्तर दिलं नाही, पण माझ्या मुलांना तुमचं गाव माहीत आहे, जिथं वीज गेली की आकाश साफ होतं. एका बाईनं विचारलं होतं, आता माग थांबले हे आम्हाला कोण सांगणार?

मी वाचायची थांबले. मला हसू येत होतं, आणि पुढची ओळ वाचवतही नव्हती. बाबा पट्टीवरच्या कपाळाला हात लावून बसले होते.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"काही नको!" आई कडाडली. जित्याजागत्या माणसावर लोक रडताहेत आणि हे ऐकत काय बसलेत! तिनं आधी मीठ-मोहरी आणून बाबांची दृष्ट काढली, पुटपुटत, चांगली रागानं. मोहरी चुलीत तडतडली तेव्हा तिला जरा धीर आला. मग ती माझ्याकडे वळली. "ते नाव बदलता येतं का?"

"येतं. सरक, मी टाकते बाबांचं."

"तू नको. माझ्या हातानं झालं, मीच निस्तरते."

मी ती चौकट उघडून दिली. आईनं आपलं नाव एकेक अक्षर खोडलं. मग तिनं डोक्यावरून पदर घेतला. कॉम्प्युटरसमोर पदर घेतलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मी थट्टा केली नाही. ती हळू आवाजात म्हणाली,

"केळीच्या बागेला तापीचं पाणी..."

आणि थांबली. एका बोटानं, कीबोर्डवरची अक्षरं शोधत शोधत, तिनं बाबांचं नाव टाइप केलं. तोंडानं नाही. मग पुढचं म्हणाली, "...यांचं नाव लिहिते, वाचा साऱ्यांनी."

बाबा पलंगावरून उतरले. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. आईच्या खुर्चीमागे येऊन, अजून ऑपरेशन न झालेल्या त्या धूसर डोळ्यानं ते बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले.

"आईला सांग," ते मला म्हणाले, "अक्षरं अजून मोठी कर."