गाडीला पाणी पाजलं त्याची गोष्ट

बांधणीतलं मला कळतं, ही गोष्ट आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाही मान्य नाही.

वास्तविक माझे आजोबा होड्या बांधायचे. (मी स्वतः होडीत बसलो की ओकतो, पण तो मुद्दा वेगळा.) त्यामुळे सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, धाकट्या भावानं आचऱ्याच्या रस्त्याला शेड टाकून पर्यटकांसाठी राहायच्या गाड्या बनवायला घेतल्या, तेव्हा त्या तपासायचा हक्क आपोआप माझ्याकडे आला असं मी धरून चाललो. या मेहुण्याचं नाव प्रकाश, घरात पक्या. आणि राहायची गाडी म्हणजे काय? तर जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग, ओटा, फ्रीज आणि एक संडास, ज्यात शिंकायचं तर आधी दार उघडावं लागतं. चांगली घरंदारं सोडून लोक असल्या डब्यात झोपायला जातात. जावोत बापडे.

पहिली गाडी तयार झाली आणि पक्यानं ती आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणून उभी केली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एक डॉक्टरबाई ती न्यायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर शेड चालणार, नाहीतर पक्या पुन्हा मुंबईला नोकरी शोधणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आत शिरलो आणि भिंतीवर टिचकी मारली.

"ह्यो प्लाय की पापड?"

"मरीन प्लाय आसा, भावजी."

"नावात मरीन घातला म्हणान समुद्र झेपता काय?"

मी खण ओढले, बिजागऱ्या हलवल्या, पडदे सरकवून पाहिले. काहीच तुटलं नाही. याचा मला अतोनात राग आला.

"भावजी, पावसात उभी करा," पक्या म्हणाला. "एक थेंब भितर येवचो नाय."

असं छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसाचं काम हमखास गळतं, हा माझा अनुभव. सकाळी पक्या गाडीच्या कागदांसाठी एसटीनं ओरोसला गेला आणि मी कोळशाचा तुकडा शोधायला लागलो.

"गाडयेक हात लावू नका," सुनंदा म्हणाली. "माझ्या भावाच्या पोटाचो प्रश्न आसा."

"तेच्याच बऱ्यासाठी बघतंय."

"मगे आधी आपल्या घराचो स्लॅब बघा. तुमी उभे रवान घातलेलो, तरी गळता."

असल्या टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नसतं. आजोबांची पद्धत मला पाठ होती. होडी पाण्यात लोटण्याआधी तिच्यात पाणी भरायचं आणि बाहेरून बघत फिरायचं. जिथे पाझरेल तिथे कोळशाची खूण करायची आणि ती फट बुजवायची. पाणी बाहेर येतं त्याच फटीतून ते आत जातं, हे सरळ आहे. मग जे होडीला चालतं ते गाडीला का चालू नये? गाडी काय होडीपेक्षा मोठी लागून गेली?

दुपारी सुनंदा आतल्या खोलीत लवंडल्याबरोबर मी विहिरीवरच्या पंपाची नळी गाडीच्या टपावरच्या झडपेतून आत सोडली, दार घट्ट लावलं आणि पंप चालू केला. गाद्या बाहेर काढायचं माझ्या मनातही आलं नाही. पाणी घोट्याएवढं होईपर्यंत या गाडीला चाळणीसारख्या धारा लागणार याची मला खात्री होती. कोळसा हातात घेऊन मी गाडीभोवती फिरायला लागलो. धार नाही. ओल नाही. पंपात हवा धरली असेल म्हणून जाऊन बघितलं, तर पंप व्यवस्थित चालू.

इतक्यात शेजारचे पेद्रू मास्तर कुंपणाशी आले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण प्रश्न विचारायची सवय निवृत्त झालेली नाही.

"काय करतंस रे?"

"गाडी गळता काय बघतंय."

"मगे गळता?"

"गळतली. वाट बघूक व्हयी."

आम्ही वाट बघितली. मास्तरांनी खुर्ची आणली. गाडीच्या चाकांची हवा गेल्यासारखी दिसू लागली, गाडी हळूहळू खाली बसली आणि मग काचेच्या आतून एक उशी सावकाश वर वर जाताना दिसली.

"नाना," मास्तर शांतपणे म्हणाले, "धामापूरचा तळा हयसर आणलंस काय रे?"

मी पंपाकडे धावलो. पंप बंद केला, वळून बघतो तर खळ्यात एक मोटार शिरत होती. डॉक्टरबाईंना पक्या ओरोसलाच भेटला होता आणि त्या त्याला घेऊन लवकरच आल्या होत्या.

"पक्या, थांब जरा," मी म्हटलं.

"तुमचा मगे ऐकतंय, भावजी." आणि गिऱ्हाइकासाठी ठेवणीतली मराठी काढून तो म्हणाला, "या मॅडम. शोधून एक फट सापडणार नाही." असं म्हणून त्यानं दार उघडलं.

आधी पाणी आलं. मग गाद्या आल्या, चहाची किटली आली आणि शेवटी पक्याच आमच्या तुळशीपाशी बसलेला दिसला. डॉक्टरबाई गुडघ्यापर्यंत भिजून जागच्या जागी उभ्या होत्या. सुनंदा दारात आली आणि तिनं माझ्या हातातला कोळसा पाहिला. पक्यानं वाहून आलेली एक उशी उचलली आणि ती पिळत उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत पाणी किती वेळ होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दुपारपासून," मी पुटपुटलो.

"आणि बाहेर?"

"एक थेंब नाय, बाई," पेद्रू मास्तर खुर्चीतून उठून म्हणाले. "मी साक्षीक आसंय."

बाईंनी दाराचं रबर बोटानं दाबून पाहिलं, मग भिंतीवर टिचकी मारली. (माझ्यासारखीच, पण त्यांना त्यातून काहीतरी कळलं.) "हेच काम, हेच दार, असंच सगळं मला दुसऱ्या गाडीत करून द्या," त्या पक्याला म्हणाल्या. "मी थांबते. फक्त या गृहस्थांना लांब ठेवा."

पक्याची शेड चालली. पाण्यानं फ्रीज आणि वायरिंग गेलं, प्लाय मात्र जराही फुगला नाही. ती गाडी अर्थातच माझ्या गळ्यात पडली आणि अजून खळ्यात उभी आहे.

परवा श्रावणातल्या झडीत दुपारच्या झोपेत माझ्या नाकावर थेंब पडला. मी खाट सरकवली, तर थेंबही सरकला. सुनंदा उशी आणि छत्री घेऊन गाडीत निघून गेली. मी माझ्या स्लॅबखाली पातेली मांडली आणि कोळसा घेऊन गळती कुठून येते ते शोधत बसलो. सगळं छत खुणांनी काळं झालं, तेव्हा उठून भिजत गेलो आणि गाडीचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

खिडकीचा पडदा जरासा सरकला.

"कोळसो भायर ठेवा," सुनंदा म्हणाली, "आणि मगे भितर येवा."

ठेवला.