काचेत पाणी होतं

कागद गिरणीच्या बॉयलरघरात नळ्या बसवणाऱ्या त्या फिटरला सगळे मामा म्हणत. खरा मामा तो एकाचाच होता. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन हा त्याच्या ताईचा मुलगा. पण भाच्यानं कामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "ए मामा" अशी हाक मारली आणि मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत साऱ्या गिरणीनं ते नातं उचललं. मामाची त्याला हरकत नव्हती. त्याचं डोकं फिरायचं ते दोनच गोष्टींनी: कुणी त्याच्या पिशवीला हात लावला की, आणि कुणी त्याच्या दाजींबद्दल वेडंवाकडं बोललं की.

पिशवी जाड कापडाची होती आणि तिच्यात अकरा लाकडी गोळे असत. त्या बॉयलरला वर एक मोठा पोलादी ड्रम, खाली एक लहान, आणि दोघांच्या मध्ये वाकड्या नळ्यांचं रान होतं. नळ्यांच्या आत पाणी, बाहेर आग. नवी नळी बसवली की मामा वरच्या ड्रममध्ये पोटावर सरपटत जायचा, नळीच्या तोंडात गोळा सोडायचा आणि ओरडायचा, "गेला!" खालच्या ड्रममध्ये बसलेला गडी गोळा झेलून ओरडायचा, "आला!" गोळा आला म्हणजे नळी मोकळी. सगळं झालं की ड्रमची झाकणं लावण्याआधी मामा चार माणसांसमोर गोळे मोजायचा, मग पिशवीचं तोंड बांधायचा. कारण गोळा एखाद्या वळणात अडकून राहिला तर त्या नळीत पाणी फिरत नाही. ती लाल होते, फुगते, फुटते आणि वाफ भट्टीच्या दारातून बाहेर येते. दारासमोर फायरमन उभा असतो.

सहा वर्षांपूर्वी तिथं दाजी उभे होते.

त्या दिवशी गोळाबिळा काही अडकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या चार नळ्या एकदम फुटल्या आणि दाजींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं आत वळली ती वळलीच. मग चौकशी झाली. ड्रममध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या एका उभ्या काचेत दिसतं. फायरमननं सगळं विसरावं, त्या काचेकडे बघायचं विसरू नये. चौकशीवाल्यांनी ठरवलं की हा विसरला, पाणी खाली गेलं, नळ्या कोरड्या पडून जळाल्या. दाजी दवाखान्याच्या खाटेवरून सांगत राहिले, "काचेत पाणी होतं." ते कुणी लिहून घेतलं नाही. घरी आल्यावर वर्षभर ते भेटेल त्याला हेच सांगत. पुढे सांगायचे बंद झाले. ताई म्हणायची, "बोलायचे तेव्हा बरं होतं रे. निदान आवाज तरी यायचा घरात."

मामानं त्या चार नळ्या भंगारातून शोधून आणल्या आणि करवतीनं उभ्या कापल्या. आत क्षार नाही, गंज नाही, अगदी स्वच्छ. पाणी खरंच खाली गेलं असतं तर वरच्या अंगाच्या सगळ्याच नळ्या जळायला हव्या होत्या. जळाल्या होत्या चारच, त्याही आगीच्या ऐन मध्यावरच्या. म्हणजे ड्रममध्ये पाणी होतं आणि नळीत नव्हतं. हे कसं व्हावं? या प्रश्नानं मामाचं डोकं पार खाल्लं. माणूस जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचा. ताई म्हणायची, "आधी गीळ, मग विचार कर."

उत्तर शेवटी ताईच्याच स्वयंपाकघरात सापडलं. मामानं दोन बाटल्या घेतल्या, एक वर, एक खाली. दोन काचेच्या नळ्यांनी त्या जोडल्या, पाणी भरलं आणि चिमूटभर चहाची भुकटी टाकली. एका नळीखाली दिवा धरला. तापलेलं पाणी त्या नळीतून वर चढलं, दुसऱ्या नळीतून गार पाणी खाली आलं आणि भुकटी गोल गोल फिरू लागली. मग त्यानं दुसऱ्या नळीलाही दिवा दाखवला. भुकटी अडखळली, थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली. पहिल्या नळीत मोठा बुडबुडा अडकून बसला. वरच्या बाटलीत पाणी काठोकाठ होतं.

"ताई," मामा म्हणाला, "दाजींना हाक मार."

दाजी आले. त्यांनी पाहिलं आणि परत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. ताईनं मात्र पदरानं डोळे पुसले.

बॉयलरचंही असंच होतं. मागच्या रांगेतल्या नळ्यांनी पाणी खाली आणायचं, पुढच्यांनी वर न्यायचं. पण त्या मागच्या रांगेलाही भट्टीचा धूर लागायचा. गिरणी पूर्ण जोरात चालली की मागचं पाणीही उकळायचं आणि खाली यायला कुणी तयारच नसायचं. उपाय सोपा होता. पाणी खाली आणायला चार जाड पाइप भट्टीच्या भिंतीबाहेरून घ्यायचे, जिथं त्यांना धग लागणार नाही. सोपा उपाय थोरल्या साहेबांच्या गळी उतरवायला मामाला अडीच वर्षं लागली. शेवटी दोन बाटल्या त्यांच्या टेबलावर मांडल्या, भुकटी सांडून त्यांचे दोन नकाशे डागाळले, तेव्हा साहेब म्हणाले, "एकदा. फक्त एकदा करून बघू. जमलं नाही तर पाइप कापून पूर्वीसारखं. आणि परत हा विषय माझ्यासमोर नको."

पाइप बसले. पुढची सगळी रांगही नवी घातली. झाकणं लावायच्या दिवशी सरकारी बॉयलर तपासनीस बाई लवकर आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, कुणाकडे बघून न हसणाऱ्या. साहेबांची धांदल उडाली. "चला, लावा झाकण, बाई थांबल्यात!" मामानं पिशवी उचलली, हातात जोखली, भरलेली वाटली आणि तोंड बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोळे मोजले नाहीत. त्या संध्याकाळी तो ताईकडे जेवला, पोटभर हसला, आणि पिशवी तिथंच खुंटीला विसरून गेला. सकाळी भाच्यानं ती कामावर आणून दिली.

त्याच दिवशी चाचणी. भाचा भट्टीपुढे, साहेब घड्याळ धरून, तपासनीस बाई काचेसमोर. वाफेचा काटा हळूहळू चढत होता. मामा बाहेरच्या पाइपाशी लोखंडी सळई घेऊन उभा होता. सळईचं एक टोक पाइपाला, दुसरं कानाला लावलं की आत काय चाललंय ते कळतं. वेळ टिपायला त्याला खडू हवा होता. खडू पिशवीत असायचा. हात आत गेला आणि सवयीनं बोटं मोजू लागली.

दहा.

त्यानं पुन्हा मोजले. मग पिशवी फरशीवर पालथी केली. दहाच.

गोळा कुठंही असू शकला असता. बाकाखाली, रस्त्यात, भंगाराच्या ढिगात. शंभरात नव्वद हिस्से तो नळीत नसणारच, हे मामालाही कळत होतं. पण उरलेले दहा हिस्से पुढच्या रांगेत होते आणि त्या रांगेसमोर ताईचा मुलगा बाह्या वर सारून उभा होता. गप्प राहिलं तर बहुतेक सगळं सुरळीत होईल, पाइप राहतील, दाजींचा शब्द खरा ठरेल. बोललं तर साहेब दुसरी संधी देणार नाहीत. सहा वर्षं त्या एका शब्दासाठी घातली होती. काटा अर्ध्यावर आला. भाच्यानं भट्टीचं दार उघडून फावडं उचललं, आणि उजेडात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत लाल दिसला.

"आग ओढ!" मामा ओरडला. "बाहेर ओढ सगळी! आणि दारासमोरून बाजूला हो!"

"मामा, झालं काय?"

"गोळा कमी आहे. ओढ म्हणतो ना!"

साहेबांनी काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. मामानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. चूक त्याची होती आणि ती त्यानं बाईंसमोर स्पष्ट सांगितली, "झाकण लावताना मी मोजले नाहीत." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बॉयलर थंड व्हायला दोन दिवस लागले. मामा त्या दोन दिवसांत धड जेवला नाही. मग झाकणं उघडली. तो वर, भाचा खाली. एकेक नळी. "गेला!" "आला!" "गेला!" "आला!" शेवटच्या नळीतूनही गोळा सुटा आला. बॉयलरमध्ये अकरावा गोळा नव्हताच. सगळं उगाच झालं होतं.

"झाली हौस?" साहेब म्हणाले. "आता ते पाइप कापा. खेळण्यांपायी तीन दिवस गिरणी बंद! तुमच्या घराण्याला माझ्या बॉयलरचं काय वावडं आहे, कळत नाही. तो एक काच बघायची विसरला, हा गोळे मोजायचे विसरला."

मामाच्या हातात सळई होती. त्यानं ती इतकी घट्ट आवळली की भाच्यानं पुढं होऊन त्याचा दंड धरला. मग त्यानं सळई भिंतीला टेकवून ठेवली.

दुपारी भाचा घरी जेवायला गेला. ताईनं विचारलं, "काय रे, इतकं तोंड का पडलंय?" त्यानं सगळं सांगितलं. अकरा गोळे, दहा गोळे, उघडलेली झाकणं, साहेबांचे शब्द. बाजूच्या खुर्चीत दाजी बसले होते. भाजलेली बोटं मोकळी व्हावीत म्हणून ते दिवसभर एक रबरी चेंडू दाबत बसायचे. मामा जेवायला आला त्या संध्याकाळी तो चेंडू फाटला होता. आता त्यांच्या मुठीत एक लाकडी गोळा होता.

दाजींनी मूठ उघडली आणि बघत राहिले. खुंटीवरच्या पिशवीतून एक घेतला होता. झाकणं तर लागलीत, आता एक गेला तर काय बिघडतं, असं वाटलं होतं. तो चुलीत टाकला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. दाजी उठले. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या.

"अहो, कुठं निघालात?" ताई म्हणाली.

"गिरणीत."

सहा वर्षांत त्यांनी त्या रस्त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

बॉयलरघरात साहेब, तपासनीस बाई आणि मामा पाइपांपाशी उभे होते. कापायच्या जागा खडूनं आखून झाल्या होत्या. दाजी दारातून आत आले तेव्हा काम करणारे गडी हातातलं टाकून बघू लागले. दाजी थेट टेबलापाशी गेले आणि गोळा ठेवला.

"हा मी घेतला होता," ते म्हणाले. "न विचारता. झाकण लावलं तेव्हा याच्या पिशवीत अकराच होते. चूक माझी आहे. माझ्या नावावर लिहा."

"दाजी, तुम्ही कशाला..." मामा म्हणाला.

"कशाला म्हणजे? माझी आहे ती माझी आहे. नाही ती नाही. मी तेव्हाही तेच सांगत होतो."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बरं, असो. पण निर्णय झालाय."

"थांबा," तपासनीस बाई म्हणाल्या. "पिशवीत एक गोळा कमी भरला म्हणून चढती आग ओढायला लावणारा फिटर मी वीस वर्षांत पाहिला नाही. हा बॉयलर मला पूर्ण जोरात चाललेला बघायचाय. झाकणं लावा." त्या मामाकडे वळल्या. "आणि मोजा."

मामानं मोजले. मोठ्यानं, अकरापर्यंत.

दुसऱ्या सकाळी पुन्हा आग पेटली. दाजी आले होते. साहेबांनी लांब बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत. भाच्याच्या शेजारी, भट्टीच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. मामा म्हणाला, "दाजी, तिथं नको." दाजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढं गेला. पाऊण जोरावर जुना बॉयलर आतून ठोके द्यायचा, अडलेल्या पाण्याचे. गिरणीतल्या प्रत्येकाला ते ठोके पाठ होते. सगळे त्यांचीच वाट बघत होते. भाच्याच्या मानेवरून घामाची धार लागली होती. पाऊण झालं. मामानं सळई पाइपाला लावली, कान टेकला आणि डोळे मिटले. कुणी हलेना.

ठोका पडला नाही. काटा वर चढत पूर्णावर टेकला आणि तिथंच राहिला. एक तास झाला, दोन झाले, चार झाले. बॉयलर नुसता एकसारखा घुमत होता.

मामानं सळई दाजींच्या डाव्या हातात दिली. दाजींनी वाकून कान लावला.

"येतंय," ते म्हणाले. "खाली येतंय पाणी." आणि भरल्या बॉयलरघरात, सगळ्यांदेखत, त्यांना रडू फुटलं. मामालाही आवरलं नाही.

तपासनीस बाईंनी त्यांचं रडू ओसरू दिलं. मग वहीचं कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि दाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "काचेत पाणी किती होतं?"

सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दाजींनी उजवा हात वर केला. वळलेली दोन बोटं जमतील तेवढी लांब केली आणि काचेवर खूण दाखवली.

"इथपर्यंत. अर्ध्याच्या वर."

बाईंनी लिहून घेतलं.